उलट्या वळणाची टोपली

मी एक जुनी द्राक्षवेल आहे. मित्रांनो, वेल म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे मांडव येत असेल. खांबावरून चढत गेलेली, वरून घड सोडणारी, हवेत डुलणारी अशी कुणीतरी. मी तशी नाही. मी आयुष्यात कशावरही चढले नाही. मी जमिनीवर बसलेली असते, टोपलीसारखी गोल, आणि दुरून पाहणाऱ्याला कुणी विसरून गेलेले काटक्यांचे घरटे वाटते. माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे की नाही, याची मला अजूनही खात्री नाही. मी कुठे गेले नाही. टोपलीच्या काठावरून दिसले तेवढेच जग मी पाहिले. पण एक काळ असा होता की, लांबलांबचे लोक बोटीत बसून मला पाहायला येत होते, माझ्यापाशी उभे राहून हसत होते, आणि त्याच काळात मी हळूहळू मरत होते. तेवढे मात्र सांगावेसे वाटते.

माझे बेट थीरा. तुम्ही त्याला सँटोरिनी म्हणून ओळखत असाल. इथे पाऊस फारसा फिरकत नाही. माती म्हणून जी आहे ती जुन्या ज्वालामुखीची राख आणि हलके, जाळीदार दगड. आणि वारा. तो उत्तरेकडून समुद्रावरून येतो आणि येताना मूठमूठ वाळू घेऊन येतो. त्याच्यापुढे ताठ उभे राहिलेल्याचा मोहर तो एका सकाळीत झाडून नेतो. म्हणून इथली माणसे आम्हाला उभे करीतच नाहीत. दर हिवाळ्यात छाटणी झाली की उरलेल्या लांब काड्या वाकवून ती त्यांचे वेटोळे विणतात, जुन्या वेटोळ्यावर नवे, त्यावर पुढचे. अशी आमची टोपली वाढत जाते. घड तिच्या पोटात लपतात आणि वारा वरून निघून जातो.

माझा जन्म एका रिकाम्या जागेसाठी झाला. ओळीत एक वेल मेली होती. मळ्याचा मालक रूसोस याने शेजारच्या वेलीची, म्हणजे माझ्या आईची, एक काडी वाकवून राखेत पुरली आणि तिचा शेंडा बाहेर काढून ठेवला. दाब कलमच ते. मला मुळे फुटेपर्यंत मी आईचेच पाणी पीत होते. मग एके दिवशी रूसोसने कात्रीने आमच्यामधला दुवा तोडला. मी फार घाबरले होते. पण आई इतकी जवळ होती की वारा आला की तिची पाने माझ्यावर वाजत.

रूसोस डावखुरा होता. गावातल्या सगळ्यांच्या टोपल्या उजवीकडे वळत, त्याच्या डावीकडे. रस्त्याने खेचरावरून जाणारे लोक त्याला सोडत नसत.

"रूसोस, तुझ्या वेली उलट्या चालतात काय रे?"

"वाऱ्याला चकवायला, दादा. तो तुमच्या मळ्यात सरळ वळण शिकतो आणि माझ्याकडे आला की गोंधळतो!"

त्याची बायको अनेझो बांधावर बसून पडलेल्या काड्यांच्या मोळ्या बांधत असे. एकदा मला विणत असलेल्या रूसोसकडे बराच वेळ पाहून ती म्हणाली, "माझी वेणी कधी इतक्या मायेने घातली नाहीस."

"तुझे केस वाकत नाहीत, अनेझो. तुझ्यावरच गेलेत ते."

तिने हातातली मोळी त्याला फेकून मारली. मी तेव्हा एकाच वेटोळ्याची होते. पण मला वाटते, माझ्या लाकडात ते हसणे कुठेतरी राहून गेले.

लहानपणीची एक गोष्ट मी विसरू शकत नाही. आई फार म्हातारी झाली होती. एका हिवाळ्यात रूसोस करवत घेऊन आला आणि त्याने तिची सबंध टोपली जमिनीलगत कापून काढली. उरला तो एक बोडका बुंधा. मला वाटले, आता ही संपली. पण पुढच्या वसंतात त्या बुंध्याच्या कडेने कोवळे कोंब बाहेर आले, आणि माझी आई माझ्याहूनही लहान दिसू लागली. आमच्याकडची ही रीतच आहे. वरची टोपली जुनी झाली तरी खालचे मूळ जुने होत नाही, फक्त वेळेवर कापावे लागते. त्याच वर्षी पलीकडच्या ओळीतली एक वेल मात्र कापल्यावर फुटली नाही. तिची आम्ही पुष्कळ दिवस वाट पाहिली.

मग माझी कामाची वर्षे आली. ती कशी गेली हे मला नीट सांगता येत नाही, कारण ती स्वप्नासारखी गेली. संध्याकाळी समुद्रातून धुके वर चढायचे, कड्याच्या काठावर क्षणभर थांबायचे आणि मग मळ्यात उतरायचे. जाळीदार दगड ते पिऊन घ्यायचे आणि दिवसभर मला घोटघोट पाजायचे. आम्हाला कुणी कधी पाणी घातले नाही. ऑगस्टमध्ये रूसोस आणि अनेझो गुडघ्यांवर बसून माझ्या पोटातून घड काढीत. ते घड गच्चीवर उन्हात पसरले जात, मणी सुरकुतले की कुंडात तुडवले जात, आणि तो दाट रस खडकात कोरलेल्या कोठारातल्या लाकडी पिंपांत जाऊन वर्षानुवर्षे झोपी जाई. चर्चमधल्या पूजेला तीच गोड वाइन लागे. एकदा पाद्रीबाबा बांधावर थांबून म्हणाले, "रूसोस, तुझ्या वाइनमध्ये ऊन लागतं रे जिभेला." ते अर्थातच सगळ्या मळ्याबद्दल होते. तरी त्या दिवशी मी ते गुपचूप माझ्याच नावावर करून घेतले.

एका उन्हाळ्यात पहाटे जमीन हलली. मला फारसे काही झाले नाही. मी खालीच बसलेली, मी कुठे पडणार? पण गावातली घरे कोसळली. त्यानंतर महिनोन्महिने लोक सामान बांधून बंदराकडे उतरत राहिले. रूसोसही निघाला, अनेझो आणि त्यांची लेक पेलागिया यांना घेऊन, पिरेअस बंदराच्या गोदीवर काम शोधायला. जाताना त्याने माझ्या काठावरून हात फिरवला, वळणाच्या दिशेने, डावीकडे. "दोन वर्षांत परत येतो," म्हणाला. मला खरे वाटले. कदाचित त्यालाही खरे वाटले असेल.

तो आला नाही. पिरेअसलाच वारला, हे मला फार उशिरा कळले.

ती ओसाड वर्षे तशी वाईट नव्हती, मित्रांनो. फक्त फार शांत होती. काड्या वाटेल तशा वाढल्या, घड मुंग्यांनी आणि पाखरांनी खाल्ले. एका वसंतात चंडोलाच्या जोडीने माझ्या टोपलीत घरटे केले. आपल्याला कुणीतरी घर समजले, याचे मला इतके अप्रूप वाटले की पिल्ले उडून गेली तरी मी पुढचा सगळा हिवाळा जराही न हलण्याचा प्रयत्न करीत होते. वारा होता, ते जमले नाही.

पेलागिया परत आली तेव्हा तिचे केस पिकू लागले होते. तिच्या दंडाला धरून अनेझो आली. अनेझोची नजर अधू झाली होती, पुढे ती पूर्णच गेली. पण मळ्यात पाऊल टाकताच तिने हात पुढे केला, माझा काठ चाचपला आणि ती म्हणाली, "डावीकडे. ही त्याचीच आहे."

बांधावर खुर्ची आली. अनेझो खुर्चीतून सांगायची आणि पेलागिया करायची. "काडीवरचा कुठला डोळा ठेवलास? बाहेरचा का? बाहेरचा नको गं, आतला ठेव. वाऱ्याला वाढून ठेवणार आहेस का?" पेलागिया उजव्या हाताची होती. पण माझी टोपली डावीकडे वळलेली, म्हणून तीही वर्षानुवर्षे आपल्या हाताच्या विरुद्ध विणत राहिली. विणून झाले की मनगट दाबत बसायची, पण तक्रार करायची नाही. तेव्हा तिला आपल्या बापाच्या हातावर हात ठेवल्यासारखे वाटत असावे. हा माझा अंदाज आहे.

हळूहळू कोठाराचे दार पाहुण्यांसाठी उघडले. बोटी येत, बोटींतून लोक येत, आणि आरिस्तिदिस नावाचा गडी त्यांना आपल्या बसमधून घेऊन येई. लोक बोरूच्या छपराच्या सावलीत बसून वाइन चाखत. सोबत पेलागियाने केलेले पिवळ्या डाळीचे वरण, बकरीचे चीज आणि भाकरी. दर खेपेला कुणी ना कुणी गृहस्थ पेला हातात घेऊन विचारायचाच, "सगळं छान आहे, पण मळा कुठे आहे?"

"साहेब, जरा पाय उचला," आरिस्तिदिस म्हणायचा. "तुम्ही मळ्यावरच उभे आहात."

माझ्याभोवती चुना लावलेल्या दगडांचे कडे झाले. मी सगळ्यांत मोठी आणि उलट्या वळणाची, म्हणून मीच प्रदर्शनाची वस्तू ठरले. "मंडळी, ही आमची महाराणी! वय वर्षे शंभर." पुढच्या मोसमात मी दीडशेची झाले आणि त्याच्या पुढच्या मोसमात तीनशेची. मला फार लाज वाटायची. लोक माझ्याशेजारी बसून फोटो काढायचे, कुणी पेल्यातले दोन थेंब माझ्यावर शिंपडायचे. मी इतकी कौतुकाची कधीच नव्हते.

आणि नेमके तेव्हाच मला पाणी पुरेनासे झाले.

कसे ते सांगते. माझे मूळ खोल होते, त्याला ओल मिळत होती. पण त्या ओलीने वर यायचे ते सगळ्या जुन्या वेटोळ्यांतून गोल गोल फिरत. रूसोसच्या वर्षांतून, ओसाड वर्षांतून, पेलागियाच्या वर्षांतून. शेंड्यापर्यंत येता येता ती वाटेतच दमायची. पाने छोटी झाली. घड मूठभर, मग चिमूटभर. मला कापण्याची वेळ येऊन गेली होती.

पेलागियाला हे माहीत होते. दर जानेवारीत ती करवत घेऊन यायची, माझ्याजवळ ठेवायची, माझ्यापुढे बसायची आणि करवत न चालवताच परत न्यायची. एकदा ती हळूच माझ्याशी बोलली. "तुला कापलं तर आईचं काय उरेल गं? डोळे गेले तिचे. आता बोटांनीच भेटते ती बाबांना, तुझ्यापाशी येऊन. तेवढंही काढून घेऊ का मी?"

आणि दुपारी पेलागिया कोठारात असली की अनेझो काठी टेकत यायची, माझा काठ चाचपायची. "म्हातारे, तुझं डोकं कधीच उतरवायला हवं होतं. पण पोरीला धीर होत नाही. बापाच्या हातची एवढी एकच वस्तू राहिलीय तिच्याकडे. मी सांगितलं तर कापेल ती, माझं ऐकेल. आणि मग एकटी बसून रडेल. नाही बाई, मी नाही सांगणार."

मित्रांनो, मला दोघींचेही सगळे ऐकू येत होते. त्या एकाच घरात राहत होत्या, एकाच ताटलीत भाकरी मोडत होत्या, आणि एकमेकींचे मन जपत होत्या. मला बोलता येत नाही याचे एरवी मला कधी वाईट वाटले नाही. मी तशी बुजरीच आहे. पण त्या वर्षी मात्र वाटले.

मग शरद ऋतूतल्या एका सकाळी बस आली. पाहुणे माझ्याभोवती गोळा झाले. त्यांतल्या एका बाईने काहीतरी विचारले. आरिस्तिदिसने मोठ्याने उत्तर दिले, आधी तिच्या भाषेत आणि मग सवयीने आपल्याही. "विचारतायत, ही अजून किती वर्षं जगेल! म्हटलं, अहो, आणखी तीनशे कुठे गेली नाहीत!"

"खोटं बोलू नकोस मेल्या," खुर्चीतून अनेझो म्हणाली.

"आजी, गंमत हो."

"गंमत नाही. पुढचे दोन हिवाळेसुद्धा काढायची नाही ती. माझा नवरा असता तर केव्हाच करवत चालवली असती त्याने. स्वतः विणलेली म्हणून कुरवाळत बसला नसता."

पेलागिया पेल्यांचा ट्रे घेऊन कोठारातून येत होती. ती जागीच थांबली. "आई, काय म्हणालीस तू?"

अनेझोने काठी चाचपली.

"आई."

"काही नाही गं. म्हातारीची बडबड."

"तुला ती कापायला हवी होती?"

"मला नाही, वेलीला हवी होती. पण तुझा जीव आहे ना तिच्यावर."

"माझा?" पेलागियाने ट्रे बांधावरच ठेवला. "अगं, मी तुझ्यासाठी ठेवली! दर वर्षी करवत आणते आणि तुझ्यासाठी परत नेते!"

"करवत आणतेस ते ठाऊक आहे मला. दर वर्षी कान लावून बसते मी. आवाज आला नाही की म्हणते, जाऊ दे, पोरीच्या मनाची तयारी नाही अजून."

त्या विचारणाऱ्या बाईने आरिस्तिदिसच्या बाहीला हात लावला. त्याने डोके खाजवले. "हे भाषांतर करू का?" त्याने पेलागियाला विचारले. "की नको?"

"कर," अनेझो म्हणाली. "आणि तिचं खरं वयही सांग."

जानेवारीत पेलागिया करवत घेऊन आली. या वेळी अनेझोची खुर्ची माझ्या अगदी जवळ होती. तिने दोन्ही हातांनी माझी टोपली धरून ठेवली, डोकेदुखीत आपण लेकराचे डोके धरतो तशी. आरिस्तिदिस सुट्टीच्या दिवसांतही आला होता आणि आडवातिडवा फिरत होता. "एकदा विचार करा काकू. लोक हिला पाहायला येतात. मी त्यांना काय दाखवू, खुंट?"

"खुंट दाखव," पेलागिया म्हणाली. "आणि जरा बाजूला हो, उजेड अडतोय."

दुखले का, असे तुम्ही विचाराल. मला नीट आठवत नाही. एवढेच आठवते की, करवतीचा आवाज थांबला आणि मी एकदम हलकी झाले. इतकी वर्षे वाहिलेला सगळा गोलाकार वरून उचलला गेला. माझ्या जागी आता फक्त आकाश होते.

टोपली अनेझोच्या मांडीवर ठेवली गेली. दुपारभर ती एकेका वेटोळ्यावरून बोटे फिरवीत होती. मग म्हणाली, "भट्टीत घाल."

"आई! भिंतीवर टांगूया ना."

"वेलीचं लाकूड भिंतीवर धूळ खायला नसतं. तुझ्या बापानेही हिच्या आईच्या टोपलीवर भाकरी भाजली होती. पीठ मळ. चांगलं मळ, नेहमीसारखं कच्चं नको."

"नेहमीसारखं?"

"मळ गं आधी."

संध्याकाळी धुराड्यातून धूर निघाला आणि धुक्यात मिसळून मळ्यात उतरला. माझाच धूर माझ्यावरून गेला. त्याला भाकरीचा वास होता. रूसोसची सगळी वर्षे त्या एका संध्याकाळी हवेत होती, आणि मग ती समुद्रावर गेली.

मार्च आला. इतर वेली फुटल्या. मी नाही.

मी प्रयत्न करीत नव्हते असे नाही. पण खाली अंधारात कुठला डोळा कुठे झोपला आहे, हे मलाच सापडत नव्हते. मला पलीकडच्या ओळीतली ती न फुटलेली वेल आठवत राही. पेलागिया आधी रोज सकाळी यायची आणि वाकून पाहायची. मग ती माझ्याकडे न पाहता बाजूने जायला लागली. मोसमाची पहिली बस आली तेव्हा आरिस्तिदिसने टोपी काढली आणि चुना लावलेल्या दगडांसमोर उभा राहिला. "मंडळी, ही आमची... म्हणजे इथे... इथे काहीतरी होणार आहे." पाहुण्यांनी खुंटाकडे पाहिले, एकमेकांकडे पाहिले आणि ते वाइन प्यायला गेले.

ईस्टरच्या दोन-चार दिवस आधीची गोष्ट. अनेझो सवयीने आली आणि माझ्या बुंध्यावर हात टेकून बसली. तिची बोटे सालीवरून फिरत होती. ती थांबली.

"पेलागिया, इकडे ये. काहीतरी लागलं बोटाला."

"वाळकी काडी असेल, आई."

"वाळक्या काडीला लव नसते."

पेलागिया धावत आली आणि राखेत गुडघ्यांवर बसली. बुंध्याच्या कडेला, जमिनीला चिकटून, गुलाबी-पांढरट लव असलेला एक डोळा उघडला होता. खरे सांगू? मलाही तो तेव्हाच कळला. तिने आईच्या खांद्यावर डोके ठेवले, आणि अनेझो म्हणाली, "बस कर. तिला वाटेल पाऊस आला."

पुढे काड्या लांब झाल्या, वाकवण्याजोग्या झाल्या. विणण्याच्या दिवशी पेलागिया माझ्यापुढे बसली आणि पहिली काडी हातात घेऊन डावीकडे वळवू लागली. सवयच ती. काडी वाकेना, मनगट दुखले. ती थांबली. तिने काडी सोडली, पुन्हा धरली आणि या वेळी ती उजवीकडे वळवली. काडी सहज वळली. विणून झाल्यावर ती बाजूला झाली आणि आईकडे पाहत राहिली, तिला दिसत नसतानाही.

अनेझोने हात पुढे केला. नव्या वेटोळ्यावरून तिची बोटे एक फेरी फिरली, मग आणखी एक.

"हा हात त्याचा नाही," ती म्हणाली.

पेलागिया वेटोळे सोडवायला पुढे झाली.

"तुझा आहे. घट्ट विणलंयस. चांगलं आहे."

मित्रांनो, आता मी पुन्हा लहान आहे आणि गावातल्या सगळ्या वेलींसारखीच उजवीकडे वळलेली आहे. माझ्यात बघण्यासारखे काही उरलेले नाही. आरिस्तिदिस मला आता "आमचं बाळ" म्हणतो आणि वय मात्र खरे सांगतो. माझे तुमच्याकडे एकच मागणे आहे, तेही भीत भीत. तुमच्या घरात कुणाच्या हातची एखादी जुनी वस्तू असेल, किंवा एखादे जुने झाड, जुने माणूस असेल, तर ते जपा. पण जपताना त्याच्या मुळाशी ओल पोहोचते आहे ना, हेही कधीतरी वाकून पाहा. आणि एखाद्याचे मन जपत असाल, तर त्याला एकदा विचारा. मला विचारता येत नव्हते. तुम्हाला येते.

धुके कड्यावर येऊन थांबले आहे. कोठाराचे दार लागले. अनेझो घरात गेली आहे; तिची खुर्ची आत न्यायला पेलागिया येईल आणि जाता जाता माझ्या काठावरून हात फिरवील, उजवीकडे. या वळणाची मला अजून पुरती सवय झालेली नाही. पण काल एक चंडोल येऊन माझ्या काठावर बसला होता. त्याने आत वाकून पाहिले. मी जराही हलले नाही.